ठकूची ऊब

फार फार मागे, आपल्या पणज्यांच्या पणज्याही रांगत नव्हत्या तेव्हा, कातळावरच्या या वाडीत माती होती. मग एका पावसाळ्यात आभाळ असं फाटलं की सगळी माती वाहून खाडीत गेली, असं म्हणतात. उरला नुसता काळा कातळ.

पाऊस ओसरला तसे लोक गाठोडी बांधू लागले. वाडीतल्या ठकूला मात्र जाता येईना. नवरा आणि मुलगा त्याच पुरात गेलेले, आणि सून शेवंता पोटुशी, घाट उतरण्यासारखी नव्हती. ठकू वाडीचा प्रमुख धाकू याच्याकडे गेली. म्हणाली, "भावोजी, पेरणीपतूर थांबा. माती मी करते." बोलून तर गेली, आणि मग तिची झोपच उडाली.

घरोघरची भाजीची देठं, सालं, खरकटं तिने गोळा केलं. आधी कातळातल्या खड्ड्यात भरून वरून शेणाने लिंपलं. कातळ पाणी पिईना, आत सगळं आंबलं आणि वाडीभर नाकाला पदर लागले. मग उघड्यावर ढीग घातला. तो कोंबड्यांनी उकरला, वाऱ्याने वाळवला. शेवटी फणसाच्या सावलीत कारवीच्या काठ्यांचा हवेशीर कूड उभा केला आणि त्यात ढीग रचला. रोज पहाटे ती आत हात घालून बघायची. आत ऊब आली तर कुजून माती होणार, एवढं तिला कळत होतं. ढीग गारच लागायचा.

ओल्याला सुक्याची जोड हवी होती, आणि सुका पाला तर लोक राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर जाळायला, नेत. बापजाद्यांपासूनची रीत ती.

"पाला तुला दिला तर राब भाजू कशानं गो?" धाकू म्हणाला.

"मातीच नाय, तर राब भाजाल कुठं, भावोजी?"

धाकू तसाच घरी गेला. मग आपल्या पाल्याचा भारा त्याने स्वतः आणून टाकला. बाकीच्यांनीही आणला.

ठकूने ओल्यावर सुका असे थर दिले, ढीग वरखाली केला. तरी गारच. पेरणी जवळ येत होती, शेवंताला महिने भरत आले होते. काळजीने ठकूला ताप भरला. तशा तापात ती उठली, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तिथेच बसून राहिली.

सकाळी शेवंता आली तेव्हा ढिगातून वाफा निघत होत्या. ठकू मात्र गार पडली होती. तिच्या अंगातला सगळा ताप ढिगाने ओढून घेतला, असं म्हणतात.

पेरणीपर्यंत काळीभोर माती झाली. कातळावर पहिला वाफा धरला, लाल माठ उगवला, आणि लोकांनी गाठोडी सोडली. शेवंताला मुलगी झाली. तिचं नाव ठकूच ठेवलं.

आजही वाडीत राब पेटवण्याआधी पहिला भारा ठकूचा म्हणून बाजूला काढतात. नवी नवरी घरात आली की देवाला हात जोडण्याआधी परसातल्या ढिगात हात घालते. सासू दारातून, श्वास धरून विचारते, "ढीग ऊन लागतोय ना गो?" लागला तर चूल पेटते. नाही लागला, तर वऱ्हाडासकट सगळे पाला शोधायला निघतात.