हिंगणमाळची समोर बसून वाढलेली भाकरी

पाव्हणं, शाळेपुढच्या त्या काळ्या दगडावर तेवढं बसू नका. गुरुपौर्णिमेला तिथं शाळेचे गुरुजी बसतात आणि घरोघरच्या बाया त्यांना भाकरी वाढतात. शाल नाही, नारळ नाही, हार तर मुळीच नाही. का नाही, ते ऐका.

फार पूर्वी हिंगणमाळात रामलिंग पंतोजी शिकवायला आले, असं सांगतात. त्यांचं व्रत होतं. शिकवण्याचं काही घ्यायचं नाही, पोटासाठी कुणापुढं तोंड उघडायचं नाही, पुढ्यात येईल ते खायचं. गावानं त्यांना जेवणाचे वार लावून दिले. मंगळवार गौळा बुरडिणीचा. नवरा गेलेला, टोपल्या विणून ती एकट्या लेकाला वाढवत होती. पोरगं अक्षरं गिरवतं याचं तिला कोण अप्रूप! त्या दिवशीच्या भाकरीवर ती तेल घालायची.

पुढं हैबतराव पाटलाच्या मुलानं पंतोजींनी शिकवलेल्या अक्षरांच्या जोरावर एक खोटा कागद वाचून पकडला आणि पाटलाची जमीन वाचली. पाटलाला आनंद मावेना. त्यानं दवंडी पिटवली, की यापुढं पंतोजींचं ताट आमच्याच घरून जाईल, दुसऱ्या कुणी वाढलं तर तो आमचा अपमान. लोकांना वाटलं, केवढा हा मान!

वर्षभर ताट गेलं. मग खोटं बोलला म्हणून पंतोजींनी पाटलाच्या त्याच मुलाला सगळ्यांपुढं उभं केलं. ताट बंद झालं, दवंडी मात्र कायम. पाटील म्हणे, मागू दे तोंडानं, मग धाडतो. पंतोजींनी मागितलं नाही. अन् गाव? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मेले गप्प बसले.

आठव्या दिवशी गौळा लेकाचं बोट धरून भाकरी घेऊन निघाली. पाटलानं तिला चावडीपाशी गाठलं.

"वाढ खुशाल. उद्यापासून माझ्या बेटातला एक बांबू तुला मिळायचा नाही."

बांबू नाही तर टोपल्या नाहीत, मग लेकाला खायला काय घालायचं? गौळा मागं फिरली. सांगायला जीभ रेटत नाही, पण घरातलं शेवटचं पीठ त्या भाकरीत गेलं होतं. वाटेत बसून मायलेकांनी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दगडाला टेकल्या टेकल्या पंतोजी गेले. पोरं पुढं पाढे म्हणतच राहिली. गुरुजी डोळे मिटून ऐकताहेत, असं त्यांना वाटलं. दुपारी पाटलानं येऊन प्रेतावर भारी शाल पांघरली. लोकांनी हार घातले. गौळानं ते सगळं ओढून काढलं.

"झाकू नका," ती म्हणाली. "पोट दिसू द्या. त्यांची भाकरी मी खाल्ली."

आजही वाढणारी बाई गुरुजींनी घास गिळेपर्यंत समोरून उठत नाही. मागं एक नवे गुरुजी म्हणाले, बांधून द्या, घरी जाऊन खाईन. बाई दिवस कलेपर्यंत तशीच समोर बसून राहिली. शेवटी तिनं हात जोडले.

"गुरुजी, खा. मला घरी जाऊ द्या."