तांबडा चेंडू आणि राजाचे जोडे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कासवं माणसांशी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची.

एका तळ्याकाठी एक राजवाडा होता. संध्याकाळ झाली की तळ्यावरून धुकं उठायचं आणि भिंत ओलांडून हळूच अंगणात यायचं. अंगण होतं काळ्या घोटीव दगडाचं. त्याच्या एका कोपऱ्यात पाण्याने भरलेलं छोटंसं कुंड होतं.

या अंगणात राणी रोज एक खेळ खेळायची. तिच्याकडे लाखेने रंगवलेले दोन लाकडी चेंडू होते, एक पांढरा आणि एक तांबडा. तिची छोटी लेक झोपायला जाताना तांबडा चेंडू मनाला येईल तिथे ठेवून जायची. मग राणी वेताच्या काठीने पांढरा चेंडू ढकलायची. पांढऱ्याने तांबड्याला टोला द्यायचा आणि तांबड्याने घरंगळत कुंडात पडायचं. टक्... घर्रर्र... डुबुक! एवढं कानावर आलं की खिडकीशी निजलेली राजकन्या झोपी जायची.

पुढे राणी आजारी पडली आणि गेली. त्या दिवसापासून राजकन्येचा डोळा लागेना. ती तांबडा चेंडू ठेवायची, अंथरुणावर पडायची आणि कान लावून वाट बघत राहायची. खाणं सुटलं, गाल बसले. वैद्यांनी हात टेकले. "महाराज, झोप लागली नाही तर पोर हाती लागायची नाही," ते म्हणाले.

एका दासीने युक्ती केली. कुंडाशी बसून तिने चेंडूवर चेंडू आपटला आणि पाण्यात टाकून दिला. खिडकीतून लगेच आवाज आला, "हे खोटं आहे!" लहान मुलांना फसवणं इतकं सोपं असतं होय?

मग राजाने स्वतः काठी उचलली. लढाईत नाव काढलेला माणूस तो! पण नेम कसला अन् काय, पांढरा चेंडू तांबड्याला शिवलासुद्धा नाही.

राजाने गणिती पंडिताला बोलावलं. पंडित हुशार होता, आणि मनाने चांगलाही. त्याने कुंडापासून तांबड्या चेंडूपर्यंत चुन्याची सरळ रेघ ओढली आणि तशीच थोडी मागे नेली.

"महाराज, या रेघेवर, तांबड्याच्या पाठीला चिकटून आणखी एक चेंडू आहे असं समजा. दिसत नाही, पण आहे. आपला पांढरा चेंडू नेमका त्याच्या जागी पोचवायचा. बस्स!"

राजाने दुपारी करून बघितलं. टक्, घर्रर्र, डुबुक! तांबडा कुठेही ठेवा, कुंडातच जायचा. राजाला कोण आनंद झाला! पण संध्याकाळी तीच रेघ, तीच काठी, आणि चेंडू मात्र कुंडाच्या काठाशी येऊन भलतीकडेच वळायचा. खिडकीतली पोर टक्क जागी.

पंडिताने नवा नियम केला. दव पडलं तर नेम जरा डावीकडे धरावा. दुसऱ्या दिवशी चेंडू डावीकडेच गेला. मग धुक्याचा नियम आला, वाऱ्याचा आला, जुन्या चेंडूचा आला. राजा काठी धरून आधी सगळे नियम मनात घोकायचा, आणि तोवर त्याचा हात लाकडासारखा ताठ होऊन जायचा.

एका संध्याकाळी राजाचं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेल्या तुमच्या रेघा! राणी कुठे चुना घेऊन बसत होती?" असं म्हणून त्याने ओल्या फडक्याने सगळ्या रेघा पुसून टाकल्या. मग मनाला वाटलं तसा टोला हाणला. चेंडू गेला तो थेट अंगणात फिरणाऱ्या मोराच्या पायात. मोर असा केकाटला, की अख्खा राजवाडा दचकला.

राजा कुंडाच्या काठावर मटकन बसला आणि रडू लागला. राजा असला तरी बापच ना तो!

तेवढ्यात कुंडातल्या म्हाताऱ्या कासवाने डोकं वर काढलं. "रेघा उगाच पुसल्यास, राजा. रेघ राणीही ओढायची, फक्त डोळ्यांनी. तो न दिसणारा चेंडू तिलाही दिसायचा."

"मग माझं चुकतं कुठे?"

"पुढचं तू केलंसच नाहीस. रेघ बघून झाली की ती चेंडूच्या वाटेने अनवाणी चालत यायची. दगड कुठे ओला, कुठे कोरडा, ते तिच्या तळव्यांना कळायचं. मग ती नेम थोडा इकडे किंवा तिकडे सरकवायची."

"थोडा म्हणजे किती?"

"अरे, ते मला काय विचारतोस? धुकं रोज वेगळीकडे बसतं. आजचं आज बघायचं. पण आधी ते जोडे काढ!"

राजाने पायांकडे बघितलं. जरीचे जोडे! त्या अंगणात तो जन्मात कधी अनवाणी चालला नव्हता.

त्याने जोडे काढले. पंडिताला म्हणाला, "रागावू नका. रेघ पुन्हा ओढा." तांबडा चेंडू अजून लेकीने ठेवला तिथेच होता. पंडिताने रेघ ओढली. राजा त्या रेघेवरून सावकाश चालला. मध्यापर्यंत दगड कोरडा होता. कुंडाजवळ मात्र तळव्यांना गार, चिकट ओल लागली. बरोबर! इथेच चेंडू रेंगाळत होता आणि वळत होता.

राजा परत आला. न दिसणारा चेंडू त्याने डोळ्यांपुढे आणला, नेम किंचित सरकवला आणि टोला जरा जोरात दिला.

टक्...

धुकं इतकं दाटलं होतं, की चेंडू दिसेना. घर्रर्र... आवाज लांब गेला, मंद झाला. पंडिताने कान टवकारले. कासव कधीच तळाशी जाऊन बसलं होतं.

डुबुक!

खिडकीतून झोपाळलेला आवाज आला, "आई, आज किती उशीर केलास गं..." आणि मग काहीच नाही. राजा तसाच अनवाणी आत धावला. लेक गाढ झोपली होती. तिच्या उशाशी बसून तो पोटभर रडला, पण अगदी हळू, तिची झोप मोडू नये म्हणून.

राजकन्या हळूहळू सावरली, बाळसं धरू लागली. पंडित रोज संध्याकाळी रेघ ओढत राहिला, आणि राजाचे जोडे रोज अंगणाबाहेर राहू लागले.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: रीत मन लावून शिकावी, पण शेवटचा नेम समोरची जमीन ओळखून आपला आपणच धरावा.