टायरची चव

“मला या टायरची चव बघायची आहे!”

रंगरावमहाराजांनी मांडीवर थाप मारली आणि सावळगडच्या दरबारात सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

झालं होतं असं. संस्थानात लॉरी एकच. तिचे गुळगुळीत विलायती टायर डांबरी सडकेवर झोकात पळायचे. पण जकातनाक्यापाशी सडक संपून घोंगडेवाडीची डोंगरवाट लागली, की लॉरी चिखलात बसकण मारायची ती मारायचीच! त्यामुळे वाडीच्या गवळ्यांचं दूध डोक्यावरून बाजाराला निघायचं आणि उन्हात वाटेतच नासायचं. ठमी त्याच वाडीतल्या गवळ्याची पोर. नासलेलं दूध रोज तिलाच ओढ्यात ओतावं लागायचं.

मग लॉरीच्या ड्रायव्हरनं, इस्माईलचाचानं, कुठूनसे स्वस्तातले टायर पैदा केले. मधे सडकेसाठी सपाट पट्टी, कडेला चिखलासाठी बोटबोट खोल खाचा. एक टायर गडगडवत चाचा आणि ठमी थेट दरबारात हजर! हे टायर बसवू द्या आणि लॉरी वाडीपर्यंत येऊ द्या, एवढंच त्यांचं मागणं.

कारभारी दाजीसाहेबांनी नाक मुरडलं. “स्वस्तातला टायर, त्यात दोन्हीकडचा! म्हणजे ना धड सडकेचा, ना धड रानाचा!”

“दोन्हीकडं धड हाय!” ठमी फाडकन म्हणाली.

“कशावरून?”

इथंच महाराज मधे पडले. महाराज तसे दिलदार, पण खाण्याचे महाशौकीन आणि हट्टाला पेटले तर साक्षात ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. “डोळे फसवतात, कान फसवतात, कारभारी तर फसवतातच! माझी जीभ मला कधी फसवत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत टायरची सडकेवरची चव वेगळी आणि रानातली चव वेगळी, माझ्यापुढं मांडा. मी गादीवरून हलणार नाही. जमलं नाही, तर या टायरांचे पोरांना झोके बांधून द्या आणि लॉरीचं नाव पुन्हा काढू नका!”

चाचाचा चेहरा खर्रकन उतरला. “बेटी, आता काय रबर उकडून वाढायचं?”

ठमीनं टायरकडे बघितलं, महाराजांच्या पोटाकडे बघितलं आणि तिला खुदकन हसू आलं.

“सरकार, जमलं! फकस्त मी दोन गाडगी मांडीन, त्येंच्यावर कारभारीसाहेबांनी सोता मोहोर करावी, आन् लॉरीत बसून राखणबी करावी. न्हाईतर मागनं म्हणतील, पोरीनं लबाडी केली!”

दाजीसाहेब नेमकं तेच म्हणायला निघाले होते. आता त्यांना ‘हो’ म्हणावंच लागलं.

त्याच संध्याकाळी चाचानं लॉरीला नवे टायर चढवले. ठमीनं एकाच म्हशीच्या दुधाला विरजण लावलं आणि ते दोन गाडग्यांत अर्धं अर्धं ओतलं. सकाळी दोन्ही गाडग्यांत दही असं घट्ट लागलं होतं की बघतच राहावं. दाजीसाहेबांनी तोंडांना फडकी बांधली, वर लाख ओतली, मोहोर उठवली आणि पगडी सावरत लॉरीत मागे जाऊन बसले.

पहिलं गाडगं निघालं राजवाड्यापासून. सडकेवर टायर घूंऽऽ करून घोंगावत होते, पण गाडगं जागचं हललं नाही. दाजीसाहेब तर चक्क घोरायला लागले!

नाक्यावर ते गाडगं उतरवून नाकेदाराच्या ताब्यात दिलं, आणि माणसाच्या हाती आधीच तिथं अलगद पोचवलेलं दुसरं वर चढवलं. डोंगरवाट सुरू झाली मात्र, गाडगं डुचमळतंय, दाजीसाहेब उडतायत, पगडी कुठल्या कुठं!

“अरे मेलो! अरे थांबव!”

“थांबू नगा, चाचा!” ठमी ओरडली.

शेवटच्या चढाला सगळ्यांत खोल चिखल आला. लॉरी घसरली, गुरगुरली, एक चाक नुसतंच गरगरायला लागलं. ठमीचा जीव टांगणीला लागला. आज हिथं रुतलो, तर वाडीचं दूध जल्मभर ओढ्यातच! तेवढ्यात खाचांनी चिखल धरला, भसाभसा मागं फेकला आणि लॉरी हिसके देत वर चढली. वाडीतली माणसं नाचायला लागली, कुत्री भुंकायला लागली. दाजीसाहेबांना मात्र धरूनच खाली उतरवावं लागलं.

संध्याकाळी दोन्ही गाडगी महाराजांपुढं आली. मोहोरा तपासल्या. शाबूत!

महाराजांनी पहिलं गाडगं उघडलं. दही जसंच्या तसं! चमचा घातला तर वडीसारखं कापलं गेलं. “अहाहा! ही सडक!”

दुसरं उघडलं. आत पातळ ताक आणि वर तरंगतोय लोण्याचा पांढराशुभ्र गोळा! महाराजांनी बोटं चाटायला सुरुवात केली.

“बघा महाराज!” कमरेवर हात ठेवून दाजीसाहेब कण्हले. “इतकं हादरलं की दह्याचं ताक झालं! माझी हाडंसुद्धा घुसळून निघाली. टायर नापास!”

“हादरतोय, सरकार,” ठमी म्हणाली. “खोटं कशाला बोलू? सडकंवर घोंगावतोबी. पर विलायती टायर नेला असता, तर पयल्याच चिखलात रुतला असता आन् गाडग्यात दह्याचं दहीच ऱ्हायलं असतं! चाक फिरत ऱ्हायलं म्हणून लोणी आलं. सडकंवर न्या, ह्यो दही मोडत न्हाई. रानात न्या, लोणी काढून देतोय. एवढ्या स्वस्तात एवढी कामं करणारं तुमच्या दरबारात दुसरं कोण हाय?”

महाराजांनी एकदा लोण्याकडे बघितलं, एकदा दाजीसाहेबांकडे, आणि त्यांना जे हसू फुटलं! पोट गदगदतंय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, मिशीला लोणी लागलंय! हसता हसताच त्यांनी गळ्यातला कंठा काढून ठमीच्या ओंजळीत टाकला.

“आजपासून लॉरी रोज वाडीवर जाईल! येताना सगळं दूध आणेल आणि माझं लोणीसुद्धा! पोरी, तू पुढं चाचाशेजारी बस. आणि दाजीसाहेब...”

“जी महाराज?”

“तुम्ही मागं बसा. गाडगं धरायला!”