चालायचे डोहाळे

एक होता राजा. त्याचं नाव हौसेराव. त्याच्या राणीचं नाव केवडा. डोंगरांच्या कुशीत त्यांचं नगर होतं. नगराला ही भली मोठी तटबंदी, आणि वेशीबाहेर पाऊल टाकलं की नुसतं हिरवंगार रान. ऐकताय ना? हुं म्हणा हं, नाहीतर मी थांबेन.

तर एकदा काय झालं, केवडाराणीला दिवस राहिले. राजाला कोण आनंद! हत्तीवरून साखर वाटली त्यानं. पण मग सातवा महिना लागला, तरी पोटातलं बाळ काही हलेना. लाथ नाही, ढुशी नाही. राणीचा जीव टांगणीला लागला. सारखी पोटावर हात ठेवून बसायची बिचारी.

मग गोजाबाई सुईण आली. तिनं पोट चाचपलं आणि म्हणाली, "बाळ खुशाल आहे, पण रुसलंय. राणीसाहेब, तुमचे डोहाळे कुणी पुरवले नाहीत का?"

राणी लाजली. "पुरवतील कसे? मी सांगितलेच नाहीत. मला चिंचा नकोत, आवळे नकोत. मला रानातून चालावंसं वाटतं. माझ्या पायांनी."

आता आली का पंचाईत! महालातून देवघरात जायचं तरी राणीला मेणा यायचा, बरं का. पण डोहाळे म्हणजे डोहाळे. राजा म्हणाला, "एवढंच ना? गावाभोवती वाटा का थोड्या आहेत? त्यातली सगळ्यात चांगली मी निवडतो."

मग राजानं निवडली तळ्याकाठची वाट. दुतर्फा वड, खाली गार सावली. राजानं तिथं सडे घातले, रांगोळ्या काढल्या, सनईवाले बसवले. आणि राणीच्या पायाला चिखल लागू नये म्हणून तिला बसवलं पालखीत! सनई वाजली तशी पाखरं भुर्रकन उडून गेली. राणीला पडद्याच्या फटीतून दिसली ती भोयाची पाठ. घरी आल्यावर राजानं मोठ्या हौसेनं विचारलं, "मग, फिटले डोहाळे?"

राणी म्हणाली, "भोयांचे फिटले असतील. चालले ते!"

काय हसताय! राजाला खरंच कळलं नव्हतं हो. वेडा होता जरा, पण मनानं चांगला. बाळ मात्र हललं नाही.

मग सेनापती पुढे झाला. म्हणाला, "मी निवडतो. गडाची वाट! वरून सगळं राज्य दिसतं." पोटुशी बाई, आणि हा निघाला तिला गडावर न्यायला. अक्कल बघा! तो आपला पुढे पुढे. "चला, चला, ऊन चढायच्या आत पोचायचंय." राणी तेरड्याची फुलं बघायला वाकली, की हा म्हणायचा, "नंतर बघा." अर्ध्या वाटेत राणीला धाप लागली आणि ती मटकन दगडावर बसली. सोबत आलेल्या गोजाबाईनं सेनापतीची अशी खरडपट्टी काढली म्हणता! सगळे खाली उतरले. बाळ हललं नाही ते नाहीच. राणीला रडूच फुटलं. तिला वाटलं, माझं बाळ आता माझ्याशी कधीच बोलणार नाही.

मग दुसऱ्या दिवशी राणीनं कुणाला विचारलंच नाही. पदर खोचला आणि मागच्या छोट्या दारानं निघाली. राजा उठून बघतो तर राणी नाही. धावला तसाच मागे, अनवाणी. मुकुट राहिला खुंटीला.

मागच्या दाराबाहेर एक पाऊलवाट होती. एवढीशी, गवतात बुडालेली. ती कुठंच जात नाही, म्हणून तिला कुणी निवडलंच नव्हतं. राणीनं तिच्यावर पाऊल ठेवलं मात्र, वाट बारीक आवाजात बोलली, "बाई गं, कुठं सोडू तुला? बाजारात? देवळात? शेतावर?"

"कुठंच नाही गं," राणी म्हणाली. "मला नुसतं चालायचंय."

वाटेला इतका आनंद झाला! आजवर तिला असं कुणी म्हटलंच नव्हतं. मग राणी जिकडे बघेल तिकडे वाट वळायला लागली. राणीनं सोनकीच्या पिवळ्या फुलांकडे बघितलं, वाट तिकडे. मागून धावत येऊन पोचलेल्या राजानं खेकडा बघितला, वाट खेकड्यामागे. राणी दमली, तशी वाट आपणहून सावलीत जाऊन थांबली, अगदी ओढ्याच्या काठाशी. राणीनं पाण्यात पाय सोडले. इवले मासे आले आणि पायांना गुदगुल्या करायला लागले. राणी खुदकन हसली. आणि मग...

टुण्णकन ढुशी! पोटात!

"अहो! अहो, इकडे या! इथं हात ठेवा!" राणी ओरडली. राजानं ओला हात ठेवला. पुन्हा ढुशी! राजा आनंदानं असा नाचला, असा नाचला, की धप्पकन ओढ्यात पडला. दोघं हसता हसता रडली.

मग घरी निघाली. राणीनं वळून बघितलं, तर मागे वाटच नाही! ती आपली स्वतःला गुंडाळत गुंडाळत, मांजरीसारखी राणीच्या मागे येत होती. उंबऱ्याशी येऊन थांबली. राजा म्हणाला, "ये गं, आत ये. लाजू नकोस." मग वाट आत आली आणि रिकाम्या पाळण्याखाली वेटोळं करून बसली.

पुढे राणीला मुलगी झाली. गुटगुटीत, आणि पायांची भारी चपळ. एक दिवस ती पाळण्याला धरून उभी राहिली आणि तिनं पहिलं पाऊल टाकलं. तशी त्या पावलाखाली वाट उलगडली, थेट दाराबाहेर, वेशीबाहेर, रानात. मुलगी हसत दुडुदुडु निघाली. मागे राणी, मागे राजा, सगळे अनवाणी. त्या पालखीत आता कोंबड्या अंडी घालतात.

तर जशी ती सगळी आनंदात चालली, तशी तुम्हीही चाला रे माझ्या राजांनो. पण आत्ता नाही! आत्ता पाय पसरा आणि डोळे मिटा. खाटेखाली काही सळसळलं तर घाबरू नका. उद्या सुट्टी आहे ना, कुणाची तरी वाट आधीच येऊन बसली असेल.