टाळीचा टोला

पोरांनो, आणि पोरांच्या मागं बसून ऐकणाऱ्या थोरांनो, फार फार मागची गोष्ट आहे. नीट ऐका. मधे बोललात तर मी थांबेन.

एका माळावर दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हीकडं मेंढरंच मेंढरं. पण उन्हाळ्यात हिरवं राहील असं कुरण मधे एकच. त्यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग म्हाताऱ्यांनी रीत घातली. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन्ही वाड्यांतून एकेक गडी यायचा. वाकड्या काठीनं लाकडी चेंडू टोलवत माळावरच्या नऊ खळग्यांत एकामागून एक घालायचा. ज्याला टोले कमी लागतील, त्याच्या वाडीला कुरण. बरोबरी झाली तर अर्धं-अर्धं. चेंडू पाण्यात गेला तर एक टोला दंड, आणि मारला होता तिथूनच पुन्हा मारायचा.

गड्याच्या काठ्या त्याच्या घरातल्या थोरल्या बाईनं वाहायच्या. सल्ला द्यायचा हक्क तिचा एकटीचा.

त्या वर्षी पाऊस रुसलेला. कुरण गेलं, तर सहा दिवसांच्या वाटेवर चारा. आणि कोकरं तर आठ-पंधरा दिवसांची. ती एवढं चालणार कशी?

वरच्या वाडीचा गडी धुळाजी. दंडात बळ, पण कान हलके. काठ्या वाहायला त्याची चिमणाआत्या.

आठ खळगे झाले. धुळाजी दोन टोल्यांनी पुढं होता. नवव्या खळग्यात खालच्या वाडीच्या गड्यानं, एका म्हाताऱ्यानं, पाच टोल्यांत चेंडू घातला आणि तो बाजूला जाऊन बसला. म्हणजे धुळाजीनं सहा टोल्यांत घातला, तरी सगळं कुरण वरच्या वाडीचं.

पहिला टोला झकास बसला. चेंडू ओढ्याच्या काठाशी आला. समोर रुंद डोह, डोहापलीकडं खळगा. डाव्या हाताला मात्र ओढा आखडून पाऊलभर झालेला.

आत्यानं आखूड काठी पुढं केली. "डावीकडं सरकव. मग पलीकडं, मग खळग्याजवळ, मग आत. पाच होतात. एक टोला उरतो."

तेवढ्यात वाडीची माणसं ओरडायला लागली. "धुळाजी, उडव डोहावरून! वाघ आहेस का शेळी?"

"शेळीला पण गवतच लागतं, मेल्यांनो," आत्या कडाडली. "गप बसा!"

"आत्या, लोक काय म्हणतील?" धुळाजी म्हणाला.

"लोक काय म्हणतील ते मेंढरं खात नाहीत."

पण त्यानं लांब काठी ओढून घेतली. मागं टाळ्या पडल्या. अंग मोडून त्यानं टोला हाणला. चेंडू उंच गेला, चांगला दिसला, आणि डोहाच्या मधोमध पडला.

टाळ्या गपकन थांबल्या. एक टोला मारलेला, एक दंडाचा. पहिला धरून तीन झाले. हाती उरले तीन.

धुळाजीनं आखडलेल्या ओढ्याकडं पाहिलं. "आता डावीकडनं गेलो तर?"

"चार टोले लागतील. सात होतात. बरोबरी."

"म्हणजे अर्धंच कुरण! आणि डोहावरून गेला तर सहात बसेल. सगळं आपलं."

"आणि नाही गेला तर?"

धुळाजीनं लांब काठी घट्ट धरली. खालच्या वाडीचा म्हातारा गवताची काडी चावत बघत होता. मागून पुन्हा आवाज आले, "या बारीला जाईल! तोंड लपवतोस काय?"

आत्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "धुळा, मघाशी दंडात ताकद होती तरी गेला नाही. आता तुझे हात कापतायत. अर्धं तुझ्या मुठीत आहे रे. सगळ्याच्या नादात तेही पाण्यात घालू नकोस. माझ्या कोकरांचापण विचार कर."

धुळाजीनं लांब काठी तिच्या हाती परत दिली. मग त्यानं हात पुढं केला. "आखूड दे."

"भेकड!" कुणीतरी ओरडलं. तो वळला नाही. डावीकडं, पलीकडं, खळग्याजवळ. शेवटच्या टोल्याला चेंडू काठावर रेंगाळला. मग तो आत पडला.

बरोबरी झाली. अर्धं कुरण वाचलं.

पण अर्ध्यात सगळी मेंढरं कशी मावणार? निम्मा कळप सहा दिवसांच्या वाटेला लावावा लागला. त्यात धुळाजीनं आपली मेंढरं सगळ्यात आधी हाकली, कुणी सांगण्याआधी. वाटेत त्याची सात कोकरं गेली. ज्यांनी "उडव" म्हणून गळा फाडला होता, तेच आता पारावर बसून म्हणत होते, "कोण सांगत होतं याला डोहावरून मारायला?"

चिमणाआत्यानं ते ऐकलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. एकालाही मान वर करता आली नाही.

म्हणून सांगते: टाळीसाठी टोला मारू नये, आणि एकदा मारून चुकलातच, तर पुढचा तरी पोटासाठी मारावा.