तोफखान्याची साक्ष

लढाई जिंकल्यावर दिवाणजींनी तटाच्या डागडुजीसाठी, जिंकलेल्या मुलखातून आलेल्या निर्वासितांतून गवंडी निवडायला घेतले. निवडलेल्याला घर आणि शिधा मिळणार होता. पोरींना घेऊन उघड्यावर राहणारी धोंडाई पुढे झाली.

“बाई, आणि गवंडी?” दिवाणजींनी मिशीला पीळ दिला. “गावचा साक्षीदार आण.”

धोंडाईला हसूच फुटलं. गावाची राखरांगोळी करून वर साक्षीदार मागतात.

“गावचा कशाला, तुमचाच आहे की. तोफखान्याच्या सरदारांना विचारा, आमच्या वेशीजवळची भिंत कशी होती.”

शेजारी बसलेले सरदार लालबुंद झाले. “ती हिची? आमचा दारूगोळा संपला, पण ती ढिम्म हलली नाही. दिवाणजी, हिला आत्ताच ठेवून घ्या. पुढच्या लढाईत मला ही बाई आपल्या बाजूला हवी.”