आरसेवाल्याच्या दारातलं झाड

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या घरांत विरजणाची वाटी दारात उभं राहूनच इकडून तिकडे जायची. अशाच एका गल्लीत एक आरसेवाला राहत होता. त्याच्या दारातून मात्र कधी वाटी गेली नाही आणि आली नाही.

त्याला कारण होतं. काचेवर चढवलेल्या ओल्या पाऱ्यावर धुळीचा कण बसला तरी डाग पडतो, म्हणून त्याचं दार दिवसभर लावलेलं असे. शिवाय त्या गावात एक रीत होती. नवा आरसा विकला जाईपर्यंत झाकून ठेवायचा. त्यात पहिलं तोंड दिसायचं ते विकत घेणाऱ्याचंच. आधी कुणी डोकावलं, तर आरसा वापरलेला ठरायचा, आणि मग लग्नाच्या रुखवतात तो कुणी ठेवत नसे. आरसेवाला स्वतःसुद्धा मान फिरवून आरशावर फडकं टाकायचा. भिंतीला टेकून उभे असलेले ते झाकलेले आरसे पाहिले की वाटायचं, घरात पुष्कळ पाहुणे आलेत, पण सगळ्यांनी तोंडावर पदर ओढून घेतलाय.

समोर एक रंगारीण राहायची. सुताच्या लडी रंगवून विकायची. तिची सासू कानाने अधू होती, त्यामुळे त्या घरातलं सगळं बोलणं गल्लीभर ऐकू यायचं.

"आत्याबाई, आमटी कशी झालीये?"

"कोण आलंय?"

"कुणी नाही आलं. आमटी, आमटी!"

बंद दाराआड भाकरी मोडता मोडता आरसेवाला हे ऐकायचा. कधीकधी मनातल्या मनात उत्तरही द्यायचा, 'मीठ थोडं कमी असेल.' मग आपलं ताट घासून ठेवायचा.

त्याची धाकटी बहीण डोंगरापलीकडे दिलेली होती. वर्षातून एकदा, सुगी आटोपली की ती यायची. एका वर्षी ती येताना मातीची कुंडी घेऊन आली. कुंडीत लांब, उभ्या पानांचं एक झाड होतं. पानांवर सापाच्या कातडीसारखे आडवे पट्टे, म्हणून लोक त्याला सापाचं झाड म्हणत.

"घे दादा," परत निघताना ती म्हणाली. "तुझ्यासारखंच आहे. ताठ आणि कमी बोलणारं. तुमचं जमेल."

"ह्याला लागतं काय?"

"फारसं काही नाही म्हणतात. कधीमधी पाणी. अंधारातही तग धरतं."

"मग ठीक आहे," आरसेवाला म्हणाला. "मला तरी कुठे काय लागतं?"

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात गाडीवानाने हाक मारली. गाडीत बसता बसता ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी आले की मला ह्याचं नवं पान दाखव हं."

आरसेवाल्याने कुंडी आतल्या कोपऱ्यात, आरशांच्या रांगेत ठेवली. त्या घरात झाकलेलं नसलेलं असं ते एकटंच होतं. तो त्याच्याशी बोलू लागला. आधी नुसतं "चला, झोपायचं आता," एवढंच. पुढे पुढे समोरच्या घरातल्या आमटीबद्दल त्याला जे वाटायचं तेही. झाड ऐकून घ्यायचं.

महिने गेले. झाड मेलं नाही. पण त्याला नवं पानही आलं नाही. पट्टे पुसट झाले, जणू कुणी ओल्या बोटाने ते फिसकटवले होते. एके दिवशी पाणी घालताना त्याच्या लक्षात आलं, की ताठ उभी असणारी पानं एका बाजूला कलली आहेत. कुठे कलली आहेत म्हणून त्याने वाकून पाहिलं. दाराच्या फळीखालून उजेडाची एक बारीक रेघ आत येत होती. सगळी पानं तिच्याकडे झुकली होती.

आरसेवाला खाली बसला. काही लागत नाही म्हणून ज्याला कोपऱ्यात ठेवलं, ते इतके दिवस दाराकडे पाहत होतं.

"अरे, सांगायचंस ना," तो म्हणाला. "तुला उजेड हवा? मी आरसेवाला आहे. गावात कुणाकडे नसेल इतका उजेड देतो तुला."

त्याने छपरावर चढून एक कौल काढलं आणि तिथे काच बसवली. दुपारचं ऊन थेट जमिनीवर उतरलं. मग त्याने जे केलं, ते त्याच्या बापजाद्यांत कुणी केलं नव्हतं. सगळ्या आरशांवरची फडकी काढली. आरसे गोल मांडून, पुढे-मागे कलते करत, त्याने प्रत्येकातला कवडसा त्या एका झाडावर आणून सोडला.

काम झालं आणि त्याने मान वर केली. आरशांत किती तरी माणसं होती. सगळ्यांचे केस कानापाशी पिकलेले. त्याने डोळे पुसले तर सगळ्यांनी पुसले. सगळे तोच होते.

झाड मात्र सोन्याचं असावं तसं झळकत होतं. आरसेवाला समाधानाने बाहेर पडला आणि काच आणायला बाजारात गेला.

परत आला तेव्हा घरात करपल्याचा वास होता. पानांवर तपकिरी चट्टे उठले होते, भाजलेल्या पापडावर उठतात तसे. दोन पानं मधूनच मऊ पडून लोंबत होती.

सुगी जवळ आली होती. ती आटोपली की बहीण येणार होती. झाड परसात पुरून टाकावं आणि 'गेलं आपोआप' असं सांगावं, हे त्याच्या मनात येऊन गेलं. तिने विश्वास ठेवला असता. पण मग बोलायला पुन्हा कुणी उरणार नव्हतं. आणि अजून तीन पानं उभी होती.

त्याने कुंडी उचलली, दार उघडलं आणि गल्ली ओलांडली. दोन पावलांची ती गल्ली, पण त्याला ती ओलांडायला फार वेळ लागला. काय बोलायचं ते मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. मग त्याने कडी वाजवली.

रंगारणीने दार उघडलं. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्याकडून चुकलंय. हे वाचेल का?"

तिने झाड पाहिलं, मग त्याच्या दारातून आत चमकणारे उघडे आरसे पाहिले, आणि तिला सगळं कळलं.

"भाऊजी, तुम्ही ह्याला ऊन दिलंत हो. उजेड द्यायचा होता."

"त्यात फरक असतो?"

"नसतो तर मी लडी सावलीत का वाळवते? उन्हात टाकल्या तर रंग उडतो, कोंदट खोलीत टाकल्या तर वास मारतो. ऊन अंगावर पडू द्यायचं नाही, पण उजेडात ठेवायचं. ती दोन्ही वाया गेलेली पानं कापा, आणि हे तुमच्या दारात ठेवा, उंबऱ्याच्या आत."

"माझ्या दारात कुठला आलाय उजेड?"

रंगारीण हसली. "आमची भिंत पांढरी आहे ना. सकाळचं ऊन तिच्यावर पडतं आणि तिच्यावरून उजेड तुमच्या दारात येतो. रोज येतो. तुम्ही दार उघडत नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही."

"कोण आलंय?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"समोरचे आरसेवाले!"

"ते गेले ना?"

"गेले नाहीत, आत्याबाई. आलेत!"

दुसऱ्या दिवसापासून आरसेवाल्याने रीत बदलली. दार उघडं असताना पाऱ्याचं काम होत नसे. म्हणून सकाळभर दार उघडं, आणि काम दुपारी, दार लावून. आरसे कमी तयार होऊ लागले. उघडे पडलेले आरसे तर कुणी घेईना. त्यातला एक त्याने दाराशी टांगला. जाता-येता बायका कुंकू नीट करायला क्षणभर थांबू लागल्या. कुणी बोलायचं, कुणी नाही. तो झाडाची धूळ पुसत बसायचा.

सुगी झाली. बहीण आली आणि दारातच थबकली.

"दादा, दार उघडं कसं?"

"ह्याला लागतं," त्याने कुंडीकडे बोट दाखवलं.

ती खाली वाकली. पानांवरचे चट्टे तसेच होते, ते आता जाणार नव्हते. पण पानांच्या मधोमध मातीतून एक गुंडाळलेलं हिरवं टोक वर आलं होतं, सुईसारखं. त्याच्यावर पट्टे स्पष्ट दिसत होते.

"आणि तुला?" तिने विचारलं. "तुला काही लागत नाही अजून?"

आरसेवाला आत जाऊन तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

दोन दिवस राहून ती गेली. गाडी वळणाआड दिसेनाशी झाली, तेव्हा घर नेहमीसारखंच रिकामं झालं. हळूहळू समोरच्या भिंतीवरचा उजेडही सरला. झाडाला हवा तेवढा मिळून गेला होता. आता दार लावलं तरी चाललं असतं.

"आत्याबाई, आमटी कशी झालीये?" समोरून आवाज आला.

आरसेवाला उंबऱ्यावर बसला होता. त्याने दार लावलं नाही.

तात्पर्य इतकंच: ज्याला काही लागत नाही असं वाटतं, त्यालाही थोडा उजेड लागतोच. तो किती, हे आपल्या मनाने ठरवू नये. जवळ बसून पाहावं, आणि कळलं नाही तर दार उघडून कुणाला तरी विचारावं.